स्पोर्ट्स कारच्या पोटाखालचा गंज: काळा कोट मारण्याआधीची सगळी कामं

मागच्या पावसाळ्यानंतर एक लाल टू-सीटर माझ्याकडे आली. मुंबईहून सेकंडहँड घेतलेली, आणि घेतल्या घेतल्या मालकाने खालून ‘अँटिरस्ट’ करून घेतलेलं. लिफ्टवर घेतली तर पोट काळंभोर, चकचकीत. डाव्या रनिंग बोर्डला (दाराखालच्या पोकळ पट्टीला) स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर टोकाला ओली काळी माती आणि ज्वारीच्या पातीचा तुकडा. वर कोट शाबूत, खाली पत्रा गायब.

हे वारंवार होतं, कारण लोक कामाची सुरुवात शेवटापासून करतात. कोटिंग अगदी शेवटाकडे येतं. त्याच्या आधी सात-आठ कामं असतात, आणि ती क्रमानेच करावी लागतात. ‘सोलापुरात कसला गंज? इथं तर ऊन’ हा दुसरा गैरसमज. आपल्याकडच्या बऱ्याच स्पोर्ट्स कार मुंबई-गोव्याकडून येतात आणि मिठाचा गंज सोबत घेऊन येतात. शिवाय आपली काळी माती एकदा पोट झाकणाऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात बसली की वरून वाळते, आतून आठवडेच्या आठवडे ओली राहते. हुरड्याला शेतात नेलेल्या गाडीच्या पोटाखालून पसाभर माती सहज निघते.

## काम कधी काढायचं

दिवाळी ते गड्डा यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी असते आणि पत्रा फार तापत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो, भुकटीसारखा बसतो आणि नखाने निघतो. त्या दिवसांत करावंच लागलं तर सकाळी सात ते दहा एवढाच वेळ. जून ते ऑक्टोबर घासून उघडा केलेला पत्रा ठेवू नका.

गाडी किमान आठ दिवस लागणार नाही याची खात्री करा. ‘शनिवार-रविवारात उरकतो’ म्हणणारे वाळवण्याचा टप्पा गाळतात, आणि सगळं तिथेच फसतं.

## टप्पा १: गाडी वर घेणं

या गाड्यांची जमिनीपासूनची उंची सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास. साधा जॅक खाली शिरतच नाही. पुढची चाकं दोन लाकडी फळ्यांवर चढवा, मग लो-प्रोफाइल जॅक घाला. जॅक फक्त कंपनीने दिलेल्या पॉइंटवर लावायचा. गंज लागलेल्या रनिंग बोर्डच्या कडेवर लावलात तर कड आत दुमडते आणि पत्र्याचं एक काम उगाच वाढतं. जॅक-पॉइंटच सडलेला असेल तर सबफ्रेमचा (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या सांगाड्याचा) आधार घ्या, किंवा सरळ टू-पोस्ट लिफ्टवाल्या गॅरेजमध्ये न्या.

सावधान: आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते आणि खाली तीच काळी माती. जॅक-स्टँडचं वजन एका बिंदूवर आलं की फरशी मधोमध तडकते आणि स्टँड खचतो. प्रत्येक स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट किंवा दुहेरी प्लायवूड टाका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही झोपायचं नाही.

तपासा: चारही स्टँडवर गाडी ठेवल्यावर हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा उतरवून लावा. आत जायचं त्याच्या नंतर.

## टप्पा २: ट्रे आणि लायनर मोकळे करणं

साध्या गाडीपेक्षा स्पोर्ट्स कारमध्ये हे काम मोठं असतं. हवा खालून सुळकन निघून जावी म्हणून पोट प्लॅस्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या ट्रेंनी झाकलेलं असतं. गंज त्या ट्रेच्या वर असतो, म्हणून ट्रे न काढता खालून मारलेला कोट निव्वळ प्लॅस्टिकला लागतो.

स्क्रूंवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी सोडवताना आधी थोडं घट्ट करायच्या दिशेने, मग उलटं फिरवा. थेट उलटा झटका दिला की डोकी तुटतात. प्रत्येक ट्रेचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा आणि काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. एकाच ट्रेला तीन लांब्यांचे स्क्रू असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पलीकडे काय टोचेल याचा भरवसा नाही.

चाकांच्या कमानीतले लायनरही (आतलं अस्तर) काढा. पुढच्या कमानीची मागची बाजू, म्हणजे दाराच्या पुढचा खालचा कोपरा, ही माती साचण्याची हमखास जागा.

इथे मिस्त्री हमखास म्हणतो, “मालक, कशाला मोकळं करायलाय एवढं? खालून काळं मारून देतो की, कुणाला दिसायलंय!” ऐकू नका.

## टप्पा ३: धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं वाळवणं

आधी कोरडी माती लाकडी पट्टीने खरवडून काढा. मग प्रेशरने धुवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक जड आणि क्षारांचं. धुण्याला चालेल, पण शेवटचा हात नळाच्या पाण्याचा मारा. पाणी रोज येत नाही हे मान्य, पण दोन बादल्या त्यासाठी राखून ठेवा. नाही तर गाडीवरचं मीठ धुऊन काढायचं आणि बोअरचे क्षार तिथे सोडायचे, असा प्रकार होतो.

पूर्वी कुणी जळकं ऑइल आणि डिझेल फवारलं असेल तर हा टप्पा दुप्पट लांबतो. ते ऑइल धूळ धरतं, रबरी बुश फुगवतं, रंगाला पत्रा पकडू देत नाही आणि वेल्डिंगच्या वेळी पेट घेतं. डिग्रीझर लावून, ब्रशने घासून, दोनदा धुवा. पत्र्यावर पाण्याचे मणी उभे राहतात तोवर ऑइल शिल्लक आहे असं समजा. पाणी सपाट पसरलं की निघालं.

धुतल्यावर रनिंग बोर्ड आणि बॉक्स-सेक्शनच्या (पोकळ चौकोनी भागांच्या) तळाची ड्रेन-होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, तारेने मोकळी करा. आतलं पाणी आणि गाळ वाहून जाऊ द्या.

तपासा: वाळवायला पूर्ण दोन दिवस. पंखा किंवा ब्लोअर लावा, कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक सांध्यातून मारा. तिसऱ्या दिवशी ड्रेन-होलमध्ये सुक्या कापडाची वात घालून बाहेर काढा. वात दमट आली तर आणखी एक दिवस.

## टप्पा ४: ठोकून, टोचून तपासणी

आता हातात स्क्रू-ड्रायव्हर, एक छोटं लोहचुंबक आणि पांढरा खडू घ्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोकाने दाबा. चुंबक जिथे नीट चिकटत नाही तिथे आत पुट्टी, फायबर किंवा एम-सील भरलेलं असण्याची दाट शक्यता. (तिथे अॅल्युमिनियमचा भाग नाही ना, हे आधी बघा.) फुगलेला जुना अंडरकोट सगळा खरवडून काढा. तो घट्ट दिसला तरी कडेने पट्टी घालून बघा, कारण त्याच्याखाली पाणी आडवं पसरतं.

खडूने तीन खुणा करा:

एक रेघ – वरवरचा तांबूस गंज, पत्रा घट्ट. घासून रंग.

दोन रेघा – पापुद्रे सुटतात, खड्डे पडलेत, पण टोक आरपार जात नाही. घासून, कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला घट्ट थरात बदलणारं रसायन), मग रंग.

फुली – आरपार. इथे पत्रा बदलायचा, दुसरा इलाज नाही.

सस्पेन्शन जिथे बसतं, सीटबेल्टचे बोल्ट जिथे आहेत, जॅक-पॉइंट आणि चॅसीचे साइड-मेंबर (दोन्ही बाजूंचे लांब दांडे), इथे दोन रेघा आल्या तरी मी त्यांना फुलीच धरतो. ब्रेकचे लोखंडी पाइप वेगळे बघा. त्यांवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर पाइप बदला. ब्रेक-पाइपवर रंग मारून गंज लपवणं हा जिवाशी खेळ आहे.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारखी फायबर बॉडीची गाडी असेल तर बाहेरच्या कातडीवर जाऊ नका. फायबरला गंज लागतच नाही. तो सगळा खालच्या लोखंडाला लागतो.

## टप्पा ५: घासणं

गॉगल आधी. वायर-ब्रशच्या तारा सुईसारख्या उडतात, आणि तुम्ही खाली झोपून वर बघत असता. धुळीसाठी तोंडाला फडकं पुरत नाही, चांगला मास्क हवा.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. कप-ब्रशवर छापलेला फेऱ्यांचा आकडा त्याहून कमी असेल तर तो ब्रश या ग्राइंडरला लावायचा नाही.

इथली सर्वात मोठी चूक अशी, की वायर-ब्रशने गंज चकाकतो आणि लोक तिथे थांबतात. तो चकाकणारा गडद तपकिरी थर म्हणजे पॉलिश झालेला गंजच. ब्रशने पापुद्रे काढा, मग स्ट्रिप-डिस्क किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने राखाडी धातू दिसेपर्यंत जा. उलट टोकाची चूकही होते. बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो. जाड ग्राइंडिंग-डिस्क त्यावर दोन सेकंद जास्त टेकली तर चांगल्या पत्र्याला भोक पडतं. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतील. ते टोकदार हत्याराने कोरा, उरलेलं कन्व्हर्टरवर सोडा. ठिपका घालवायच्या नादात पत्रा घालवू नका.

गंजाच्या डागापासून चारही बाजूंनी दोन-तीन बोटं पुढेपर्यंत घासा, कारण तो रंगाखालून दिसतो त्याहून जास्त पसरलेला असतो. अॅल्युमिनियमच्या भागांना लोखंडावर वापरलेला ब्रश लावू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथे नवं दुखणं सुरू होतं.

## टप्पा ६: फुलीच्या जागी पत्रा

एकही फुली नसेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

छिद्रावर एम-सील, फायबरची चटई, डांबर लावलेलं कापड किंवा रिव्हेट मारलेला अॅल्युमिनियमचा तुकडा, हे चारही प्रकार मी काढून काढून थकलोय. शेवटचा सर्वात वाईट. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की सांध्यात अॅल्युमिनियम पोखरलं जातं, तुकड्यामागे अडकलेल्या ओलाव्यात लोखंडी कड सडत राहते, आणि वरून तुकडा जागेवरच दिसत राहतो.

सडलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीचा पत्रा बेतायचा आणि सीओ-टू वेल्डिंगने लावायचा. गॅस वेल्डिंग नको. उष्णता पसरते, पत्रा लाटेसारखा वाकतो आणि आजूबाजूचं झिंक जळून जातं. टाके एकाच रेषेत सलग न मारता लांब लांब मारून मग मधले भरा. झिंक चढवलेला पत्रा जोडताना कडेचं झिंक आधी घासून काढा, त्याचा धूर घेतला तर रात्री ताप भरतो.

वेल्डिंगच्या आधी, न चुकता:
- बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा.
- आतली गादी, कार्पेट, आवाज दाबणारी डांबरी शीट त्या जागेवरून उचला. खाली टाका मारला आणि वर केबिनमध्ये धूर, असं व्हायला वेळ लागत नाही.
- पेट्रोल टाकी किंवा पाइप जवळ असेल तर काढून बाहेर ठेवा.
- अर्थचा चिमटा वेल्डपासून वीतभर अंतरात, घासलेल्या धातूवर लावा.
- एक माणूस आगीचा सिलिंडर घेऊन केबिनच्या बाजूला उभा करा.

टप उघडणारी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. तिला वरचा आधार नाही, सगळा भार रनिंग बोर्डवर. ते कापलं की गाडी मधोमध झुकते आणि दार पुन्हा बसत नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पाइप वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून घ्या. दाराच्या फटी टेपने मोजून लिहून ठेवा, काम झाल्यावर त्याच मापाशी ताडा.

हे काम डेंटरचंच (पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रीचं). पण क्रम तुम्हाला माहीत असावा, म्हणजे पाइप न लावता कटर हातात घेतला तर तुम्ही थांबवू शकाल.

## टप्पा ७: कन्व्हर्टर, मग प्रायमर

शेवटच्या पुसण्याला टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या वापरू नका. सोलापुरात त्या ढिगाने मिळतात आणि धुण्यापुसण्याला उत्तम, पण टॉवेलचा तंतू घासलेल्या पत्र्यात अडकतो आणि प्रायमरमध्ये केसासारखा दिसतो. त्या तंतूवाटे पाणी आत शिरतं. जुनं, पन्नास वेळा धुतलेलं धोतर किंवा सुती साडी घ्या. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्या. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श नाही. घामाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबूस उमटतात.

कन्व्हर्टर फक्त दोन रेघांच्या जागी, ब्रशने, पातळ. राखाडी स्वच्छ धातूवर तो लावून काही मिळत नाही, कारण त्याला काम करायला गंज लागतो. सुटे पापुद्रे असतील तर वरचा पापुद्रा काळा होतो, खालचा गंज तसाच चालू राहतो. फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे उरलेलं आम्ल पुसून किंवा धुऊन काढा आणि पुन्हा वाळवा. आम्ल राहिलेल्या जागी इपॉक्सी नीट कडक होत नाही, महिन्याभरात सालीसारखा निघतो.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घ्या. रेड ऑक्साईड स्वस्त आहे, गेटला ठीक आहे, पण तो पाणी शोषतो. नुसता रेड ऑक्साईड मारून ‘झालं’ म्हणणाऱ्या गाड्या पहिल्या पावसाळ्यानंतर परत येतात. झिंकचा प्रायमर चांगला, पण त्याला कोरा धातू लागतो. कन्व्हर्टरवर त्याचा उपयोग नाही.

इपॉक्सी आणि हार्डनर मापाच्या कपाने मिसळा. अंदाजाने ओतलेला प्रायमर एक तर चिकट राहतो, नाही तर ठिसूळ होतो. कोपऱ्यात, सांध्यात, बोल्टच्या कडेला आधी ब्रशने एक हात द्या, मग स्प्रेने दोन. थंडीत सकाळी पत्रा हाताला गार लागत असेल तर थांबा, त्यावर न दिसणारा दव असतो. दहाच्या सुमारास सुरू करा.

झाकून ठेवा: सायलेन्सर आणि त्याचे सेन्सर, ब्रेक डिस्क, रबरी बुश, चाकाजवळच्या एबीएसच्या वायरी, बोल्टचे आटे, आणि सगळी ड्रेन-होल.

सावधान: हार्डनरच्या वाफा कापडी मास्कमधून जातात. कार्ट्रिजचा मास्क लावा आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

## टप्पा ८: सांधे, आणि मग तो काळा कोट

प्रायमर कडक झाला की सांध्यांत सीम-सीलर भरा. पॉलियुरेथेनचा घ्या. बाथरूमचं आंबूस वासाचं सिलिकॉन चालत नाही. त्यातून सुटणारं आम्ल लोखंडाला गंजवतं आणि त्यावर रंगही धरत नाही. मधे दोन-चार दिवस गेले असतील तर प्रायमर हिरव्या घासणीने हलका खरखरीत करून मगच पुढचा हात द्या.

आता कोट. चाकांच्या कमानी आणि त्यांच्या मागचा पट्टा, जिथे खडी बसते, तिथे रबरी स्टोन-चिप कोट मारा. बाकी पोटाला मी जाड काळा डांबरी कोट मारत नाही. आपल्या उन्हात तो मऊ पडतो, थंडीत आखडतो, दोन-तीन वर्षांत तडे जातात आणि तड्यातून शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. वरून मात्र गाडी छान काळी दिसते. इपॉक्सीवर साधा चॅसी पेंट आणि त्यावर पारदर्शक वॅक्स किंवा लॅनोलिनचा हात द्या. दिसायला ओबडधोबड, पण खाली कुठे तांबूस झालं तर लगेच डोळ्यांना कळतं.

## टप्पा ९: पोकळ भागात वॅक्स

गंज आतून बाहेर येतो. रनिंग बोर्डला बाहेरून भोक दिसलं म्हणजे आतून कधीच संपलेलं असतं. तरी हा टप्पा गाळणारे सर्वात जास्त, कारण तो कुणाला दिसत नाही.

लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं नोझल असलेलं कॅव्हिटी वॅक्स आणा. ड्रेन-होलमधून किंवा कार्पेटखालच्या रबरी बुचातून नळी शेवटपर्यंत घाला आणि फवारत फवारत हळू मागे ओढा. दुसऱ्या टोकाकडून पुन्हा एकदा. खालच्या भोकांतून वॅक्स गळू लागलं की पुरेसं झालं. खाली जुनी चादर अंथरा, रात्रभर ठिबकतं.

हे वेल्डिंग आणि रंगाच्या नंतरच. वॅक्सवर रंग बसत नाही, आणि वॅक्स भरलेल्या बॉक्समध्ये वेल्डिंग केलं तर आग लागते.

तपासा: सकाळी प्रत्येक ड्रेन-होलमधून तार आरपार घाला. बुजलेलं एक भोक म्हणजे आत एक छोटं तळं.

## टप्पा १०: जोडणी

ट्रेचे गंजलेले स्क्रू-क्लिप परत लावू नका. अॅल्युमिनियमचा ट्रे लोखंडावर बसतो तिथे नायलॉनचे वॉशर घाला, आट्यांना थोडं वॅक्स लावा. सबफ्रेम सोडली असेल तर तिचे बोल्ट टॉर्क-रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले बोल्ट नवे आणा आणि अलाइनमेंट करून घ्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ट्रेचे स्क्रू एकदा पुन्हा बघा. बॅटरी जोडल्यावर डॅशबोर्डवर एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा राहिला तर त्या बाजूची सुटलेली वायर आधी शोधा.

आणि पहिला मोठा पाऊस झाल्याच्या रात्री गाडी फरशीवर उभी करून तिच्याखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. सकाळी कागदावर स्वच्छ पाण्याचे डाग असतील तर ठीक. तपकिरी थेंब दिसला तर त्याच्या बरोबर वरच्या ड्रेन-होलला खडूची खूण करा, आणि त्या भागापुरतं टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करा.